नाशिक: जुन्या गाण्यांची अरेंजमेंट कानाने उलगडायला कशी शिकावी? सल्ला हवा

गोदाकाठचा_कीबोर्ड

नमस्कार मंडळी. मी इंदिरानगरला राहतो, कीबोर्ड वाजवतो आणि आमच्या हौशी ग्रुपसाठी गाणी बसवतो. साठ-सत्तरच्या दशकातलं इंग्रजी पॉप आणि त्याच काळातलं हिंदी, दोन्हींवर माझा जीव आहे. चाल आणि कॉर्ड कानाने काढता येतात. आता त्याच्या पुढे अरेंजमेंटकडे जायचंय, म्हणजे कोणतं वाद्य कधी आणि कसं वाजतं ते. बास (खालचे सूर धरणारं वाद्य) नेमका इथेच का थांबला? व्हायोलिन पहिल्या अंतऱ्यात गप्प का? गायक कानाशी येऊन गातोय असं कशामुळे वाटतं? हे ऐकून कळायला हवं आणि कळलेलं माझ्या बसवण्यात उतरायला हवं. सध्या आम्ही पाच जण वाजवायला लागलो की गाणं भरगच्च होतं आणि गायिकेला आवाज चढवावा लागतो.

सुरुवात कोणत्या गाण्यांपासून करू? वाचण्या-ऐकण्यासारखं काय आहे? कोणतं सॉफ्टवेअर खरंच उपयोगी पडतं? आणि नाशिकमध्ये कोणाला एकत्र बसून ऐकायला आवडेल का? महागडे मॉनिटर स्पीकर नाहीत. वायरवाले बंद हेडफोन आहेत आणि घरातले जुने स्पीकर.

पंचमवेडी

फार दिवसांनी असा धागा आला, वाचूनच छान वाटलं. माझं मत: घरच्या गाण्यापासून सुरू करा. 'यादों की बारात' (१९७३) मधलं 'चुरा लिया है तुमने' घ्या. सुरुवातीची ती किणकिण म्हणजे काचेच्या ग्लासवर चमच्याचा आवाज, हे बहुतेकांना माहीत असतं. पण तेवढ्यावर थांबू नका. तो आवाज किती लहान आहे, गिटार त्याला जागा देऊन कशी येते, ते बघा. पंचमदांकडे (संगीतकार आर. डी. बर्मन) चमत्कारिक आवाज नुसती गंमत म्हणून येत नाही. बाकीची वाद्यं त्याच्याभोवती मांडलेली असतात. आणि रफीसाहेबांचा आवाज किती उशिरा येतो ते पाहा! तोवर गाणं आशाताईंचंच आहे. तो गळा राखून ठेवणं हीसुद्धा अरेंजमेंटच.

वाचायला ग्रेगरी बूथ यांचं 'बिहाइंड द कर्टन' (२००८) मिळवा. मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांशी आणि अरेंजरांशी बोलून लिहिलेलं आहे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत गळ्यामागून जी दुसरी चाल चाललेली असते, तिच्यामागे सेबॅस्टियन डिसूझा होते. पोस्टरवर अशा माणसांची नावं नसायची. निदान आपल्यासारख्यांना तरी ती माहीत असावीत.

पंचवटीने_रोज

+१ पंचमवेडी ताई. मी रोज पंचवटी एक्स्प्रेसने जातो आणि गाडीत भरपूर ऐकतो. एवढंच सांगतो की गाडीत बास ऐकायच्या फंदात पडू नका. रुळांचा आवाज खालचे सूर गिळतो, मग आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि कान थकतात. गाडीत फक्त रचना लिहावी: मुखडा कधी, पीस (मधला नुसत्या वाद्यांचा भाग) कधी, अंतरा किती लांब. एवढं कसाऱ्याच्या आत होऊन जातं.

कन्सोलकाका

रेकॉर्डिंगमध्ये आयुष्य गेलं, आता नाशिकरोडला असतो. सविस्तर लिहितो.

आधी अरेंजमेंट, मग प्रॉडक्शन (रेकॉर्डिंगमध्ये आवाज कसा घेतला आणि घडवला ते). नवशिके इको, कॉम्प्रेसर, माइक यांच्या मागे लागतात, पण गाणं बहुतेक वेळा त्याच्या आधीच घडलेलं असतं. एक मोठा कागद आडवा घ्या. वरच्या बाजूला बार (ठरावीक मात्रांचा एक गट) मोजून आकडे टाका. खाली प्रत्येक वाद्याला एक ओळ. वाद्य वाजतंय तिथे रेघ, गप्प आहे तिथे कोरं. एका वेळी एकाच वाद्याच्या मागे जायचं, बाकीच्यांकडे लक्ष द्यायचं नाही. कागद पुरा झाला की रेघा बघू नका, कोऱ्या जागा बघा. कोण कधी गप्प बसतं हे ठरवणं, अरेंजरचं काम मुख्यतः ते.

उदाहरणाला मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' घ्या. १९८२ चं रेकॉर्डिंग, निर्माता क्विन्सी जोन्स, इंजिनिअर ब्रूस स्वीडीन. टेम्पो मिनिटाला ११७ च्या आसपास, म्हणजे चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांहून किंचित जास्त. पहिले दोन बार नुसता ताल. मग बास येतो आणि साधारण आठ बार तो आणि ताल, दोघंच चालतात. मग सिंथच्या (सिंथेसायझरच्या) त्या तुटक कॉर्ड, आणखी चार बार. गायक तोंड उघडतो तेव्हा अर्धं मिनिट होत आलेलं असतं. क्विन्सी जोन्सना ही सुरुवात फार लांब वाटत होती. मायकलने ती कापू दिली नाही. ह्यानेच मला नाचावंसं वाटतं, असं त्याचं म्हणणं होतं.

आता जवळून बघा. बासचे एका बारमध्ये आठ सूर, सगळे सारख्या अंतरावर, मध्ये श्वास नाही. त्याच्याखाली किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला. खालची बाजू अशी पूर्ण भरली, म्हणून सिंथ बारमध्ये फक्त दोनदा टोचून जातो. त्याने कॉर्ड धरून ठेवली असती तर बासचे आठ सूर चिखलात गेले असते. गायकाच्या ओळीही तुटक आहेत, उचक्या आणि श्वासांसकट, आणि ते सगळं ऐकू येतं कारण त्या पट्टीत दुसरं कोणी नाही. गिटारचे ठसकेबाज तुकडे गाणं निम्म्याच्या पुढे गेल्यावर समोर येतात. स्ट्रिंग्ज कुठे येतात ते मी सांगत नाही, कागदावर तुम्हीच शोधा.

प्रॉडक्शन ह्याच्यानंतर. स्वीडीननी ह्या गाण्याची ९१ मिक्स (सगळे आवाज एकत्र जुळवून केलेल्या आवृत्त्या) केली आणि रेकॉर्डवर गेलं ते दुसरं मिक्स. मागचा काही गळा मायकलने पुठ्ठ्याच्या लांब नळीतून गाऊन घेतला. ह्या गोष्टी ऐकायला मजा येते, पण कोऱ्या जागा आधी समजल्या तरच त्यांचा अर्थ लागतो.

गोदाकाठचा_कीबोर्ड

काका, मनापासून आभार. सिंथने कॉर्ड धरली असती तर काय झालं असतं, हे वाचल्यावर लगेच गाणं लावून बघितलं. आता ते ऐकू येतंय. एक विचारतो: जुन्या गाण्यांत वाद्यं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात, एकेक वेगळं कसं पकडायचं?

कन्सोलकाका

त्याला एक सोपी युक्ती आहे. बीटल्सचा पहिला अल्बम 'प्लीज प्लीज मी' (१९६३) दोन ट्रॅकच्या मशीनवर झाला, ट्रॅक म्हणजे टेपवरची आवाजाची एक स्वतंत्र पट्टी. त्याची जुनी स्टिरिओ आवृत्ती लावा. वाद्यं डावीकडे, गळे उजवीकडे. उजव्या कानातला हेडफोन बाजूला करा, वाद्यं जवळपास एकटी मिळतील. गळा थोडा झिरपत राहील, कारण सगळे एकाच खोलीत वाजवत-गात होते. चौदातली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ ह्या एका दिवसात झाली, ऐकताना ते ध्यानात ठेवा.

मग १९६७ च्या 'सार्जंट पेपर्स'कडे या. तिथे चार ट्रॅक होते. चार भरले की त्यांचं मिश्रण करून दुसऱ्या मशीनच्या एका ट्रॅकवर उतरवायचं आणि पुढे भर घालायची. उतरवल्यावर त्यातला ड्रम कमी-जास्त करता येत नाही. म्हणजे शेवटी काय ऐकू यायला हवं ते मध्यावरच ठरवावं लागे. आज शंभर ट्रॅक मोकळे असतात आणि निर्णय शेवटच्या रात्रीपर्यंत लांबतो. जुन्या गाण्यांत जो ठामपणा ऐकू येतो, त्यामागे ही सक्ती आहे असं माझं पक्कं मत आहे. आपल्याकडेही त्या काळात गायक आणि वादक एकत्रच वाजवत, आणि कोण माइकपासून किती लांब बसणार ह्यावर बॅलन्स ठरे.

आणि बीच बॉईजचा 'पेट साउंड्स' (१९६६). १९९७ साली 'द पेट साउंड्स सेशन्स' नावाचा संच निघाला, त्यात ह्याच गाण्यांची नुसती वाद्यं आणि नुसते गळे वेगवेगळे दिलेत. आधी वाद्यं ऐका, गळा कुठे बसेल त्याचा अंदाज बांधा, मग पूर्ण गाणं लावा. अभ्यासाला ह्याहून चांगलं साहित्य मला माहीत नाही.

ताशा_डावीकडे

मी ढोलपथकात आहे, म्हणून थोडं वेगळं सांगतो. गणपतीच्या आधी आमचा सराव चालतो तेव्हा लांब उभं राहून ऐका. ढोल खालची बाजू धरतो, ताशा वरची. मधली पट्टी बरीचशी मोकळी राहते. म्हणून एवढ्या दणदणाटातही 'गणपती बाप्पा' ओरडलं की शब्द कळतो, माणसाचा आवाज त्याच मोकळ्या पट्टीत जातो. काका म्हणतात ती कोरी जागा वेळेत असते, तशी उंचीतही असते. कागदावर वाद्यांच्या ओळी लावताना खर्जातलं सर्वांत खाली आणि तारसप्तकातलं सर्वांत वर, अशा लावा. गर्दी कुठे झाली ते लगेच दिसेल.

कन्सोलकाका

ताशावाले, उत्तम. हे मी लिहायला हवं होतं इतकं बरोबर आहे.

वेव्हफॉर्म_सिडको

सॉफ्टवेअरचं मी सांगते. गाण्यातून ड्रम्स, बास, गळा आणि बाकीचं असे चार भाग वेगळे करणारी मोफत साधनं आहेत. डीझरने २०१९ मध्ये 'स्प्लीटर' खुलं केलं, मेटाचं 'डेमक्स' त्याहून स्वच्छ काम करतं. कोण कधी वाजतंय हे तपासायला उत्तम. पण आवाजाचा पोत त्यावरून ठरवू नका. गळ्याच्या मागची रिव्हर्बची (घुमण्याची) शेपटी 'बाकीचं' मध्ये जाते, झांजेचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा होतो. आधी कानाने कागद भरा, मग हे उघडून ताडून बघा. उलट केलंत तर कान आळशी राहतो.

पट्टी न बदलता वेग कमी करायला 'ऑडॅसिटी' पुरेसं आहे. कुठल्या उंचीवर गर्दी आहे ते डोळ्यांनी बघायचं असेल तर 'सॉनिक व्हिज्युअलायझर', लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात बनलेलं, तेही मोफत.

दोन गाण्यांची तुलना करताना दोघांचा व्हॉल्यूम सारखा करा. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून मोठ्याने वाजणारं गाणं उगाच जास्त भरीव वाटतं. आणि नवीन रीमास्टरवर (जुन्या रेकॉर्डिंगच्या नव्याने तयार केलेल्या आवृत्तीवर) फार विसंबू नका. त्यातले बरेच दाबून मोठे केलेले असतात, मुखडा आणि अंतऱ्यातला चढ-उतार सपाट होतो. जुनी सीडी मिळाली तर तीच वापरा.

वाचायला 'साउंड ऑन साउंड' मासिकाचं 'क्लासिक ट्रॅक्स' सदर नेटवर आहे, एकेका गाण्याचं रेकॉर्डिंग करणाऱ्याशीच बोललेले लेख. बीटल्ससाठी मार्क लुइसन यांचं रेकॉर्डिंग सेशन्सवरचं १९८८ चं पुस्तक, दिवसवार नोंदी. हृषीकेश हिरवे यांचं 'सॉंग एक्सप्लोडर' पॉडकास्टही ऐका. गाणी बहुतेक नव्या काळातली आहेत, पण कलाकार स्वतःच्या गाण्याचे ट्रॅक सुटे करून दाखवतात.

पंचमवेडी

मला रविवारी जमेल. कॉलेज रोडवरून येईन, वाटेत कोणाला घ्यायचं असेल तर सांगा.

गोदाकाठचा_कीबोर्ड

मग आमच्याच घरी बसू, सकाळी अकरा. हॉलमध्ये जाड पडदे आणि गाद्या आहेत, आवाज घुमत नाही. मोठे कागद मी आणतो. दोनच गाणी घेऊ, 'बिली जीन' आणि 'चुरा लिया'. यायचं असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता कळवतो.

काका, आमच्या भरगच्च गाण्याचं काय करू? गिटार, बास, ड्रम्स, बासरी आणि मी.

कन्सोलकाका

तुमचा डावा हात बंद करा. बासवाला असताना कीबोर्डचा डावा हात त्याच्याच सुरांवर चढतो, गर्दी तिथून सुरू होते. उजव्या हातानेही गळा चालू असताना कॉर्ड धरू नका. ओळ संपते तिथे दोन सूर टाका आणि हात उचला. गिटारला पहिल्या अंतऱ्यात वाजवू देऊ नका, पीसपर्यंत थांबवा. बासरी फक्त पीसमध्ये आणि शेवटच्या मुखड्याला. एवढं करून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि रविवारी घेऊन या. त्याचाही कागद करू.

गायिकेलाही बोलवा. तिला कुठे जोर लावावा लागतो ते तिच्या तोंडून ऐकायचं आहे.