‘डॅम’ आपल्या ‘दाम’वरून आला का?

कृष्णाकाठ (सांगली):
‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’ म्हणजे मला कवडीची पर्वा नाही. यातला ‘डॅम’ आपला दामच, असं माझं ठाम मत आहे. अकबराच्या काळी तांब्याच्या ४० दामांचा एक रुपया होई. आपण ‘दमडीची किंमत देत नाही’ म्हणतो, तसंच हे. यूल आणि बर्नेल यांनी १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात हा तर्क मांडलाय. शाळेत शिकवायलाच हवा.

कोयनाखोरे (पाटण):
सहमत नाही. अर्थ जुळला म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध झाली असं नव्हे. जुने दाखले आणि स्पेलिंग बघा. अठराव्या शतकात गोल्डस्मिथ ‘थ्री डॅम्न्स’ लिहितो, तेही ‘एन’सकट. हा ‘एन’ लॅटिन ‘डॅम्नारे’तला, म्हणजे दोषी ठरवणं. उच्चारातून तो गळाला, ‘डॅम्नेशन’मध्ये अजून ऐकू येतो. ‘एक शिवी हासडण्याच्याही लायकीचं नाही’ असा मूळ भाव. त्या काळी ‘नॉट केअर अ कर्स’ असंही म्हणत. ऑक्सफर्डच्या कोशाने नाण्याचा तर्क निराधार ठरवलाय.

कृष्णाकाठ:
लूट, शाम्पू, कॉट इथूनच गेले ना? मग दाम का नाही? स्पेलिंग मागाहून बदललं असेल.

कोयनाखोरे:
‘लूट’ची वाट दिसते: आधी हिंदुस्थानविषयक इंग्रजी लेखनात अर्थासकट येतो, मग विलायतेत रुळतो. ‘तीन दामांची पर्वा नाही’ असं इथल्या एखाद्या इंग्रजाने लिहिलेलं दाखवा, मी मत बदलेन.

खिलार (विटा):
तुम्ही दोघं शिवीतच अडकलात. आपल्या भागातल्या मुलांना भेटतात ते दोन डॅम वेगळेच. एक धरणाचा, तो डचांकडचा. अॅमस्टरडॅम म्हणजे अॅम्स्टल नदीवरचा बांध. १२७५च्या जकातमाफीच्या पत्रात हे नाव आहे. कोयनेची भिंत १०३ मीटर उंच, साठा १०५.२५ टीएमसी, ‘डॅम भरला’ म्हणताना आपल्या मनात साठाच असतो. यॉर्कशायर आणि दक्षिण आफ्रिकेतही डॅम म्हणजे अडवलेलं पाणी.

दुसरा डॅम कृत्रिम रेतनाच्या वळूंच्या माहितीपत्रकात. ‘डॅम’ म्हणजे वळूची आई, ‘सायर’ म्हणजे बाप. हा ‘डेम’वरून आला, मूळ लॅटिन ‘डॉमिना’, घरधनीण. ‘डॅम्स यील्ड’ हे आईचं दूध, बहुधा ३०५ दिवसांच्या वेताचं. कालवडीही तेवढंच देतील असं धरून रेतमात्रा निवडली की अंदाज फसतो, कारण निम्मे गुण आपल्या गाईकडून येतात आणि चारा-पाण्याचाही वाटा मोठा असतो. वळूच्या मुलींचे आकडे दिले असतील तर आधी ते बघावेत. वर्गात हे आधी शिकवा, नाण्याचा वाद नंतर.

कृष्णाकाठ:
तरी तर्क म्हणून दाम सांगायला काय हरकत? तो स्वतः ‘द्रम्म’वरून, आणि द्रम्म ग्रीक ‘द्राख्मे’वरून आलाय. एवढा प्रवास मुलांना कळू नये का?

कोयनाखोरे:
कळावा, पण मराठीच्या तासाला. इंग्रजीच्या तासाला सांगितलेला तर्क मुलं उत्तरपत्रिकेत वस्तुस्थिती म्हणून लिहितात. तिथे मुका ‘एन’ जोड्यांनी घ्या: डॅम-डॅम्नेशन, ऑटम-ऑटम्नल, हिम (स्तोत्र)-हिम्नल. स्पेलिंग चुकायचं थांबेल.