मदत हवी आहे: कुत्र्याच्या सेरेबेलमचे (लहान मेंदूचे) पेडंकल (त्याला मेंदूच्या खोडाशी जोडणारे देठ) ओळखायचे कसे?

नमस्कार मंडळी, बी.व्ही.एस्सी.ला (पशुवैद्यकीय पदवीला) आहे. प्रॅक्टिकलला फॉर्मॅलिनमधला कुत्र्याचा मेंदू आहे. मिडब्रेन (मेंदूच्या खोडाचा वरचा भाग) जमला: वरच्या चार उंचवट्यांपैकी पुढचे दोन नजरेच्या रिफ्लेक्सचे, मागचे दोन ऐकण्याचे. त्यांच्या मागून, वरच्या बाजूने निघणारी बारीक ट्रॉक्लिअर नर्व्हही (डोळा हलवणारी एक नस) दिसली. (चिमटा लागला की तुटतेच!)

घोडं अडलंय ते सेरेबेलमपाशी. तो काढल्यावर कापलेले तीन पेडंकल एकच पांढरा गोळा दिसतात. पुस्तकात बाहेरून आत मिडल (मधला), कॉडल (शेपटीकडचा), रोस्ट्रल (नाकाकडचा) असा क्रम आहे, पण प्रत्यक्षात सीमा कुठे धरायची? तंतूंच्या दिशेवरून कळतं का?

दुसरं, पॅराडॉक्सिकल व्हेस्टिब्युलर सिंड्रोम, म्हणजे तोल बिघडून डोकं उलट्याच बाजूला कलणं. कॉडल पेडंकलला इजा झाली की डोकं इजेच्या विरुद्ध बाजूला कलतं. सेरेबेलमचा अटकाव सुटून इजेच्याच बाजूचे व्हेस्टिब्युलर न्यूक्लियस (तोल सांभाळणारे पेशींचे गट) जास्त चालतात, इथवर पटलं. मग इजेची बाजू ठरवताना डोक्याऐवजी पंजा उलटा ठेवून प्रोप्रिओसेप्शन (पाय कुठे, कसा आहे याची जाणीव) बघायचं, बरोबर ना? आणि एकाच कुत्र्यात डोकं डावीकडे, पंजा उजवा ढिला, असं कुणी क्लिनिकमध्ये पाहिलंय का? सीनियर्सनी जरा सांगा. व्हायव्हा (तोंडी परीक्षा) तोंडावर आलीये. कापलेल्या भागाचा खुणा केलेला फोटो असेल तर फारच उत्तम.