आधीचं सिझर, आता नॉर्मलचा प्रयत्न करावा का?

प्रश्न: पाठचाभाऊ
बहिणीला 30वा आठवडा चालू आहे. पहिल्या वेळी पिशवीचं तोंड 7 सेंमी उघडून थांबलं म्हणून सिझर झालं, बाळ 3.4 किलोचं. दोन बाळंतपणांत पावणेतीन वर्षांचं अंतर पडेल. माहेरच्या तालुक्यातले डॉक्टर म्हणतात, एकदा सिझर म्हणजे पुन्हा सिझरच. हे खरं का? पोटावरचा टाका आडवा आहे.

दवंडी
पोटावरच्या टाक्यावरून काही कळत नाही. त्वचेवर आडवा आणि आत पिशवीवर उभा, असंही असतं. डिस्चार्ज कार्डावर बऱ्याचदा नुसतं 'एलएससीएस' (पिशवीच्या खालच्या भागातलं सिझर) लिहिलेलं असतं. त्यावर न थांबता जुन्या हॉस्पिटलातून ऑपरेशनच्या नोंदींची प्रत मागवा. पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद असेल आणि तो वर फाटत गेला नसेल, तर प्रयत्न करता येतो. छेद उभा किंवा उलट्या टी आकाराचा असेल, तर विषय तिथेच संपला.

'एकदा सिझर, कायम सिझर' हे वाक्य 1916 सालचं आहे. तेव्हा छेद उभाच घ्यायचे.

एका आडव्या छेदानंतर प्रयत्न करणाऱ्या 100 जणींपैकी साधारण 72 ते 75 जणींची नॉर्मल होते. मूल पायाळू होतं म्हणून सिझर झालं असेल तर आकडा याहून वर. कळा येऊन तोंड उघडायचं थांबलं असेल तर खाली, 64च्या आसपास. तुमच्या बहिणीची गणना या शेवटच्या गटात. आधी एखादी नॉर्मल झालेली असती तर 85च्या पुढे गेला असता.

लेबररूम
वरचं बरोबर, पण तालुक्यातल्या डॉक्टरांना एवढ्यात मोडीत काढू नका. ते कदाचित स्वतःच्या हॉस्पिटलाबद्दल खरं बोलतायत. कळांमध्ये पिशवीवरचा जुना टाका उसवण्याचा धोका 200त 1, म्हणजे कमीच. पण उसवला तर हाताशी मिनिटं असतात, तास नाही. भूलतज्ज्ञ फोन केल्यावर दुसऱ्या गावाहून येणार असेल, तर तिथे हा प्रयत्न करू नये.

हॉस्पिटलात थेट विचारा: रात्री 2 वाजता भूलतज्ज्ञ आवारात असतो का? ऑपरेशन थिएटर रिकामं मिळेल का? तिच्या गटाचं रक्त जुळवून ठेवाल का? कळा सुरू झाल्यापासून बाळाचे ठोके मशीनवर सलग पाहणार, की अधूनमधून? टाका उसवल्याची पहिली खूण बहुतेकदा ठोक्यांतच दिसते, पोटात दुखण्याआधी. मग दोन कळांच्या मधेही न थांबणारं दुखणं, अंगावरून रक्त जाणं, लघवीत रक्त, चालू कळा अचानक बंद पडणं, खाली आलेलं डोकं पुन्हा वर सरकणं. कमरेतून भूल घेता येते. फक्त डोस वाढवूनही दुखणं आवरत नसेल तर शंका घ्यायची.

पाठचाभाऊ
सोनोग्राफीत टाक्याची जाडी 2.5 मिमी आलीय. पातळ आहे म्हणे. आणि तारीख उलटली तर कळांचं सलाईन लावतात ना?

दवंडी
एवढ्या जाडीला चालेल, एवढीला नाही, अशी सगळ्यांनी मान्य केलेली रेघ नाही. मोजणाऱ्यागणिक आकडा बदलतो. एकट्या त्या आकड्यावर होकार किंवा नकार ठरवू नये. त्यापेक्षा वार (बाळाला पोसणारा, नाळ जोडलेला गोळा) कुठे आहे ते बघा. ती खाली, जुन्या टाक्यावर असेल तर नॉर्मलचा प्रश्नच नाही. उलट वार टाक्यात रुजली आहे का हे शोधावं लागतं, आणि तसं असेल तर ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलातच. प्रत्येक सिझरनंतर ही भीती वाढते. तिसरं मूल हवं असणाऱ्यांनी हे आजच हिशेबात धरावं.

लेबररूम
सलाईनबद्दल: आपोआप आलेल्या कळा सगळ्यात बऱ्या. औषधाने आणलेल्या कळांत उसवण्याचा धोका 2 ते 3 पट होतो. कळा आणणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी तर नकोच. तोंड उघडायला हवं असेल तर फोलीचा फुगा (पिशवीच्या तोंडातून नळी घालून फुगवतात तो) त्यातल्या त्यात सुरक्षित. 7 सेंमीवर पुन्हा अडलं तर सलाईनचे थेंब वाढवत बसण्यापेक्षा सिझर बरं, कारण ताणून मग घाईत केलेलं सिझर हे आधी ठरवून केलेल्यापेक्षा जड जातं. म्हणून 36व्या आठवड्यातच डॉक्टरांशी दोन्ही बेत बोलून ठेवा. ठरवून सिझर करायचं तर 39 आठवडे झाल्यावर.

आणि आजीच्या सांगण्यावरून एरंडेल पाजू नका. टाका असलेल्या पिशवीवर घरी प्रयोग नकोत. कळा सुरू झाल्या की लगेच निघायचं.