बनावट वस्तूंसाठी स्पॅनिश विशेषण: 'फाल्सो' सरसकट वापरावे का?

धागाकर्ता (दागिन्यांच्या निर्यात-पत्रकांचा अनुवादक, मुंबई)

मराठीतील 'खोटा' हे विशेषण फार उदार आहे. नाणे, दागिने, दात, साक्ष, हसू यांपैकी काहीही खोटे असू शकते आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. हीच सवय घेऊन आपला विद्यार्थी स्पॅनिशमध्ये शिरतो आणि दिसेल त्या नामाला 'फाल्सो' (खोटा; स्त्रीलिंगी रूप 'फाल्सा') चिकटवतो. माझे स्पष्ट मत आहे की हे विशेषण फसवणुकीसाठी राखून ठेवावे. बनावट नोट 'बियेते फाल्सो' असते, कारण ती खरी म्हणून खपवण्यासाठीच छापलेली असते. कुंडीतील प्लॅस्टिकची फुले मात्र 'फ्लोरेस आर्तिफिसियालेस' असतात, आणि कवळीला 'देंतादुरा पोस्तिसा' म्हणतात, कारण 'पोस्तिसो' म्हणजे मुळात अंगाचे नसून वरून बसवलेले.

माझ्या कामात हा भेद थेट पैशाचा होतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा रासायनिकदृष्ट्या कार्बनचाच असतो. त्याची स्फटिकरचना आणि त्याचा कठीणपणा खाणीतल्या हिऱ्यासारखाच असतो, म्हणून तो 'दियामान्ते सिंतेतिको', म्हणजे कृत्रिमरीत्या घडवलेला हिरा, ठरतो. हिऱ्यासारखी चमकणारी झिर्कोनिया हा वेगळाच पदार्थ असल्यामुळे तिला 'दे इमितासिओन' (नक्कल केलेली) म्हणावे लागते. या दोघांनाही 'फाल्सो' म्हटले, तर आपण आपल्याच मालावर फसवणुकीचा आरोप लिहून पाठवतो.

प्रतिसाद: स्पॅनिशची शिक्षिका, पुणे

हिऱ्यांपुरते आपले म्हणणे मला मान्य आहे, परंतु त्यावरून बांधलेला नियम टिकणारा नाही. कार्यालयात छताखाली जे दुसरे छत बसवतात, त्याला स्पॅनिशमध्ये 'फाल्सो तेचो' म्हणतात. तिथे कोण कोणाला फसवत असते? बाभळीसारखी दिसणारी, पण वेगळ्या प्रजातीतली रोबिनिया 'फाल्सा आकासिया' म्हणून ओळखली जाते आणि झाडावर कोणी कपटाचा आरोप करत नाही. पापण्यांसाठी 'पेस्तान्यास पोस्तिसास' रूढ आहे हे खरे, पण 'पेस्तान्यास फाल्सास' हेही स्पॅनिश बायका सर्रास म्हणतात.

शिवाय स्पॅनिश अकादमीच्या कोशात 'आर्तिफिसियाल' या शब्दाचा पहिला अर्थ 'माणसाने घडवलेले' असा असला, तरी दुसऱ्या अर्थात 'नैसर्गिक नसलेले, फाल्सो' असेच दिले आहे. कोश ज्या दोन शब्दांना शेजारी बसवतो, त्यांच्यामध्ये आपण भिंत का बांधावी?

प्रतिसाद: माद्रिदमध्ये स्थायिक

दोघांचीही उदाहरणे बरोबर आहेत, पण गिऱ्हाईक कोश उघडून खरेदी करत नाही. 'सिंतेतिको' हा शब्द इथल्या कानाला कापड आणि चामड्याची आठवण करून देतो. नकली चामड्याच्या पिशवीवर 'पोलिपिएल' असे लिहिलेले असते, आणि ती पिशवी स्वस्त असणार हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून सराफ 'दियामान्ते दे लाबोरातोरियो' असे लिहितात, म्हणजे नुसते 'प्रयोगशाळेतला हिरा'. काही जण 'कुल्तिवादो' (जोपासून वाढवलेला) लिहितात, कारण शिंपल्यात मणी घालून वाढवलेल्या मोत्यांमुळे तो शब्द ओळखीचा झालेला आहे. मात्र ते मोती शिंपल्यातला जीवच तयार करतो. मायोर्काच्या मानाकोर गावचे प्रसिद्ध मोती काचेच्या गाभ्यावर लेप चढवून बनवतात, ते 'दे इमितासिओन'. हिऱ्याला 'कुल्तिवादो' म्हणणे मला थोडी चलाखीच वाटते.

प्रतिसाद: ब्युएनोस आयर्सला नोकरीनिमित्त राहिलेला

एक छोटी भर घालतो. तिथे नकली घड्याळाला कोणी 'फाल्सो' म्हणत बसत नाही, सरळ 'त्रूचो' म्हणतात. मेक्सिकोत 'चाफा' हा शब्द ऐकू येतो, पण तो नकलीपेक्षा टाकाऊपणाकडे जास्त झुकतो. यांपैकी कोणताही शब्द पत्रकात छापू नये, परंतु समोरच्याने वापरला तर भाव कुठे चालला आहे हे ओळखता आले पाहिजे.

धागाकर्ता

बाईंच्या उदाहरणांकडे नीट पाहिले तर त्यांत एक धागा सापडतो. 'फाल्सो तेचो', 'फाल्सा आकासिया', 'फाल्सा आलार्मा' (धोक्याचा खोटा इशारा) या सर्वांत विशेषण नामाच्या आधी आले आहे. तिथे ते आरोप करत नाही, फक्त 'त्यासारखे दिसणारे, पण ते नव्हे' एवढेच सांगते. नोटेच्या बाबतीत ते नामाच्या मागे जाते आणि आरोपाची धार येते. तेव्हा माझा नियम मोडत नाही, त्याला जागेची अट जोडावी लागते, इतकेच. कोशाबद्दल म्हणाल, तर कोश अर्थांची नोंद करतो, ते अर्थ कुठे अदलाबदल करता येतात हे सांगत नाही. कृत्रिम श्वासोच्छ्वासाला 'रेस्पिरासिओन आर्तिफिसियाल' म्हणतात, त्या जागी 'फाल्सा' घालून पाहा.

प्रतिसाद: स्पॅनिशची शिक्षिका, पुणे

'पेस्तान्यास फाल्सास' मध्ये विशेषण मागेच आहे आणि तरीही आरोप नाही, याचे उत्तर आपण दिलेले नाही. माझ्या मते जागेपेक्षा नाम काय आहे याला अधिक वजन आहे. नोट, सही, पारपत्र यांची सारी किंमत अस्सलपणात असते, म्हणून तिथे 'फाल्सो' जखम करते. पापणीची तशी कोणी पडताळणी करत नाही. हसण्याच्या बाबतीत तर आणखी गंमत आहे. 'सोनरिसा फाल्सा' मनातले वाईट लपवते, 'सोनरिसा फोरसादा' नाइलाजाने येते, आणि दोन्ही ठिकाणी विशेषण मागेच आहे. 'पोस्तिसो'लाही आपण दात-केसांपुरते बांधू नये, कारण ओढूनताणून काढलेल्या उच्चारालाही 'आसेन्तो पोस्तिसो' म्हणतात.

हिऱ्याकडे परत येते. आपला 'सिंतेतिको' हिरा एखाद्याने खाणीतला म्हणून विकला, तर दगडाला मी तेव्हाही 'फाल्सो' म्हणणार नाही, पण सोबतच्या प्रमाणपत्राला 'सेर्तिफिकादो फाल्सो' नक्कीच म्हणेन. पत्रकात 'दे लाबोरातोरियो' ठळक अक्षरांत छापावे, 'सिंतेतिको' तांत्रिक तपशिलाच्या रकान्यात ठेवावे आणि 'कुल्तिवादो' टाळावे, या बाबतीत मी माद्रिदकरांच्या बाजूची आहे.