प्रतिसाद: हेल्मेट-गॉगलवर भागत नाही

पेंटबॉलला (एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ) बाइकचं हेल्मेट किंवा पोहण्याचा गॉगल चालेल, असं एकाने लिहिलंय, ते साफ चूक. जेमतेम ३ ग्रॅमची गोळी, पण सेकंदाला ९० मीटरच्या आसपास येते. गॉगल सरकतो, हेल्मेटची काच या माऱ्यासाठी नसतेच. कान झाकणारा पेंटबॉलचाच मास्क हवा.

मुंबईत खरी गोची वाफेची. दमट हवेत एकेरी लेन्स लगेच धुरकटते आणि माणूस नकळत मास्क वर करतो. धोका तिथेच. दुहेरी थर्मल लेन्स घ्या (ती पाण्यात बुडवून धुऊ नका, थरांमध्ये ओल शिरते). तरी वाफ धरलीच तर हात वर करून मैदानाबाहेर या, मगच मास्क काढा. बाहेर सगळ्यांच्या बंदुकीच्या नळीवर बॅरल सॉक (नळीचं तोंड झाकणारी कापडी पिशवी) चढवलेला हवा. गोळ्या संपल्या तरी एखादी आत अडकलेली असू शकते.