ऑक्सिडीकरण की ऑक्सिडीभवन?

सदाशिवपेठी:
मंडळी, एका लेखाचं मुद्रितशोधन करतोय. विषय असा: पेशीपटलातल्या (सेल मेम्ब्रेनमधल्या) मेदांमुळे कोलेस्टेरॉलच्या ऑक्सिडेशनवर काय परिणाम होतो. लेखकाने एका परिच्छेदात ‘ऑक्सिडीकरण’ लिहिलंय, पुढच्यात ‘ऑक्सिडीभवन’. शाळेच्या पुस्तकात पहिला शब्द, मराठी विश्वकोशात दुसरा. एकच ठेवू ना? आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, “खवट झालं म्हण की सरळ!”

पाषाणकर:
घाई नको. ‘करण’ म्हटलं की करणारा कुणीतरी आला. ‘भवन’ म्हणजे आपसूक होणं. खडकवासल्याच्या पाण्याचं बाष्पीभवन आपोआप होतं, शुद्धीकरण मात्र पर्वतीला करावं लागतं. व्यवहारात हा भेद सगळेच पाळतात असं नाही, पण इथे तो फार कामाचा आहे.

कोलेस्टेरॉल ऑक्सिजनच्या तावडीत दोन वाटांनी सापडतं. पहिली आपसूक. पटलात शेजारी बहु-असंपृक्त (पॉलिअनसॅच्युरेटेड) मेदाम्लं असली की मुक्त मूलकं, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन घेऊन जोडीदार शोधत फिरणारे रेणू, आधी त्यांना धरतात, तिथून अभिक्रियांची साखळी कोलेस्टेरॉलपर्यंत पोचते. मार बहुधा सातव्या कार्बनावर बसतो आणि 7-किटोकोलेस्टेरॉलसारखे पदार्थ तयार होतात. हे भवन.

दुसऱ्या वाटेत करणारा आहे: कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज हे जिवाणूंकडचं विकर (एन्झाइम). ते तिसऱ्या कार्बनावरच्या हायड्रॉक्सिल गटाचा कीटोन करतं. पण त्यासाठी कोलेस्टेरॉल पटलातून थोडं सुटून हाती लागावं लागतं. शेजारी स्फिंगोमायलिन हा पटलातलाच एक मेद असेल तर ते कोलेस्टेरॉलला इतकं घट्ट बिलगतं की विकराचं काम मंदावतं. संध्याकाळची स्वारगेटची बस आठवा, कंडक्टर मधल्या माणसापर्यंत पोचेल तर शपथ! स्फिंगोमायलिन तोडून टाकलं की तेच कोलेस्टेरॉल चटकन हाती लागतं.

जुनी वही:
आईंचा शब्द टाकाऊ नाही. जवसाची चटणी लवकर खवटते, तूप टिकतं, त्याचं एक कारण हेच: जवसात असंपृक्त मेदाम्लं भरपूर. पण ‘खवट’ जिभेला आणि नाकाला कळणारा शब्द. पेशीपटल चाखून कोण बघणार? शिवाय विकराने केलेल्या बदलाला खवट म्हणता येणार नाही. उपमा म्हणून एकदा वापरा, संज्ञा म्हणून नको. (माणसांसाठी मात्र तो राखून ठेवा, आपल्या पेठांत लागतो.)

तेवढ्यात एक शंका: ‘पेशीआवरण’ का नाही?

पाषाणकर:
आवरण म्हटलं की वरून घातलेली खोळ वाटते. हा तर मेदांचाच दुहेरी थर, जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर. पटलच बरं.

सदाशिवपेठी:
आता लेख पुन्हा काढून बघितला. ‘ऑक्सिडीकरण’ आहे तो परिच्छेद विकराचा, ‘ऑक्सिडीभवन’ आहे तो मुक्त मूलकांचा. मी दोन्हीकडे लाल पेन फिरवून बसलो होतो. खोडरबरने लाल शाई जात नाही, त्यामुळे नवी प्रत काढायला निघालोय.