ऊसतोड कामगारांसाठी बीपी-शुगरचं स्टार्टअप काढतोय, पैसा कुणाकडून घ्यावा?

केजकर_पुण्यात:
नमस्कार मंडळी. मी मूळचा केज तालुक्यातला, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझे चुलते-चुलती वीस वर्षं ऊसतोडीला जातात. मागच्या हंगामात चुलत्यांना उसाच्या फडातच लकवा मारला, उजवी बाजू गेली. गावात होते तोवर पीएचसीतून (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातून) बीपीच्या गोळ्या घ्यायचे पण टोळी निघाली तेव्हा सोबत महिन्याच्याच गोळ्या होत्या, त्या संपल्या आणि पुढं तिकडं कुणी विचारणारंच नव्हतं. तेव्हापासून डोक्यात हेच आहे. मी आणि एक डॉक्टर मित्र मिळून अ‍ॅप करतोय, त्यात पेशंटचं रेकॉर्ड, गोळ्यांची आठवण आणि व्हिडिओवर डॉक्टर. अडलंय ते पैशावर. एक विचार असा की पेशंटकडून महिन्याला ९९ रुपये घ्यायचे, दुसरा असा की कारखान्याच्या आसपासच्या खाजगी हॉस्पिटलशी टायअप करायचं आणि आपण पाठवलेल्या प्रत्येक पेशंटमागं ते आपल्याला फी देतील. नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणाऱ्या एका इन्क्युबेटरवाल्यांना हा दुसरा मार्ग फार आवडला. ज्यांनी या लोकांत काम केलंय त्यांनी स्पष्ट सांगा, कुठं चुकतोय.

निवृत्त_सिस्टर:
दादा, चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं. मी ३१ वर्षं एएनएम म्हणजे सरकारी नर्स होते, त्यातली बरीच बीड जिल्ह्यात, म्हणून लिहिते. आधी फोनचं बघा. बाईकडं फोन नसतो, नवऱ्याकडं असला तर तो साधा असतो, मोठा फोन पोराकडं आणि पोरगं गावात आजीपाशी. नंबर दर हंगामाला बदलतो, मी रजिस्टरात एकेका माणसाचे चार-चार नंबर खोडलेत. दुसरं म्हणजे वेळ. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता असतो, एक जण दवाखान्यात गेला की दोघांचा खाडा (गैरहजेरी) पडतो आणि ते पैसे उचलीतून, म्हणजे हंगामाआधी मुकादमानं (टोळीच्या ठेकेदारानं) दिलेल्या आगाऊ पैशातून कापून घेतात, म्हणून माणूस चक्कर येऊन पडेपर्यंत फड सोडत नाही. पहाटे चारला उठायचं, गाडी भरायला रात्र होते, मग तुमच्या व्हिडिओवर तो येणार कधी? आणि व्हिडिओवर डॉक्टर सरकारनं ई-संजीवनीवर फुकट दिलाच आहे, तो परत बांधण्यात पैसा घालू नका. तुमच्या चुलत्यांकडं डॉक्टर नव्हता असं नाही, दुसऱ्या महिन्याची गोळी नव्हती. ९९ रुपये तर विसराच, ज्यानं लाखभर उचल घेतलीय त्याच्या हातात हंगामभर रोख पैसा फारसा नसतो, आठवड्याच्या बाजारापुरता मुकादम देतो तेवढाच.

अंबाजोगाईचा_डॉक्टर:
सिस्टरांनी सगळं नीट सांगितलं. मी फक्त त्या टायअपबद्दल लिहितो कारण ते वाचून मी अस्वस्थ झालो. केजचे आहात म्हणजे बायकांची गर्भाशयाची पिशवी काढण्याचं प्रकरण तुमच्या घरातसुद्धा बोललं गेलं असेल. २०१९ ला बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांचा सर्वे झाला, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली, कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. त्या का तयार झाल्या? अंगावरून जातंय, पोट दुखतंय, खाडा परवडत नाही, पुढं कॅन्सर होईल अशी भीती घातलेली, आणि ऑपरेशन केलं की ज्याला पैसे सुटतात असा माणूस समोर बसलेला. तुम्ही दर पेशंटमागं फी घेतली की तुमची कंपनी त्या समोरच्या माणसाच्या शेजारी जाऊन बसते, मनात कितीही चांगलं असो. बीपी कंट्रोलमध्ये राहिला तर तुम्हाला शून्य, बिघडून अ‍ॅडमिट झाला तर कमाई. शिवाय रेफरलवर कमिशन देणं-घेणं डॉक्टरांना २००२ च्या नीतिनियमांत सरळ बंद आहे, तुमचा डॉक्टर मित्र त्यात अडकेल. आणि सॉफ्टवेअरनं स्वतःच गोळी लिहून द्यायची नाही, २०२० च्या टेलिमेडिसीन नियमांत स्पष्ट आहे, डॉक्टरच लागतो.

लॅबवाला_मुंबई:
मी मानखुर्दकडं स्वस्त रक्ततपासणीची कंपनी तीन वर्षं चालवली, नंतर बंद करावी लागली, त्यामुळं पैशाचं थोडं कळतं. सगळे तुम्हाला मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलचं उदाहरण देतील, मलाही द्यायचे. १९७६ ला ११ खाटांवर सुरू झालं, पैसेवाल्यांच्या फीवर गरिबांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, परदेशी लेन्स परवडेना म्हणून १९९२ मध्ये स्वतःचा लेन्सचा कारखाना काढला. मोठंच काम आहे. पण मोतीबिंदू एकदा काढला की माणूस बघायला लागतो, घरी जातो. बीपी जन्मभर, आणि तुमच्याकडं फी देणारा श्रीमंत पेशंट येणारच नाही, फडावर तो आहेच कुठं. मी तेच धरून बसलो, ठाण्या-मुलुंडचे गिऱ्हाईक मानखुर्दचा खर्च भरून काढतील असं वाटलं, मग हळूहळू माझी सगळी माणसं मुलुंडलाच सँपल घेत फिरायला लागली. मानखुर्दच्या बायका वाट बघत बसायच्या. त्याचं आजही लागतं मनाला. तुमच्याकडं पैसे देऊ शकेल असा एकच दिसतो, कारखाना. माणूस पडला तर त्याची तोड थांबते. शिवाय ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागं पैसे घेतातच. तिकडं जा, पण करारात लिहून घ्या की कुठल्या कामगाराला काय आजार आहे हे कारखान्याला किंवा मुकादमाला कळणार नाही, नाहीतर पुढच्या वर्षी बीपीवाल्याला उचलच मिळायची नाही. हे फार महत्त्वाचं आहे.

केजकर_पुण्यात:
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, माझ्या सख्ख्या मावशीची पिशवी ३२ व्या वर्षी काढलीय, तरी टायअपचं लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही. ते आता बाद. अ‍ॅप पण बाजूला ठेवतो, आधी गोळ्या पोचवायचं बघतो. सिस्टर, फडावर बीपी मोजणार कोण? आपला माणूस प्रत्येक टोळीमागं पाठवणं शक्य नाही.

निवृत्त_सिस्टर:
टोळीतलीच बाई. आपल्या शेजारी जामखेडला आरोळे डॉक्टर दाम्पत्यानं १९७० पासून गावातल्या अडाणी म्हणवणाऱ्या बायकांकडून हेच करून घेतलं, त्या बाळंतपणं करायच्या, मग बीपीच्या मशीनचं बटण दाबणं काय अवघड आहे. प्रत्येक कोपीत (टोळीच्या झोपडीत) रात्री भाकरी थापायच्या वेळेला जायचं, तेव्हा खाडा पडत नाही. आकडा कागदावर लिहायचा, कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या नाहीतर भिजतं. आणि त्या बाईला त्याचे पैसे द्या दादा, सेवा म्हणून सांगू नका, आशाताईंचं आम्ही बघितलंय. गोळ्यांचं म्हणाल तर आमच्या डॉक्टरांनी साठा असला की निघताना तीन महिन्यांच्या दिलेल्या आहेत, पण ते आधी सांगावं लागतं, गाडी दारात उभी राहिल्यावर नाही. दसऱ्याच्या आधी दोन गावांतल्या बीपी-शुगरवाल्यांची यादी करा आणि पीएचसीत द्या. उरलेल्या तीन महिन्यांच्या गोळ्या कारखान्याजवळच्या पीएचसीतून कशा काढायच्या ते मी तुम्हाला मेसेज करते, तिथल्या फार्मासिस्टशी आधी बोलावं लागेल.